मिलिंद आणि नवरीच्या खांद्यावरचे हात

नवे सॉफ्टवेअर संगणकावर घेतले, की मिलिंद सर्वांत आधी त्यात आपल्या आईला कापून काढीत असे. भोकरदनच्या बसस्थानकामागे लग्नाच्या चित्रफिती तयार करून देण्याचे त्याचे दुकान होते. आईची एक जुनी, लहानशी चित्रफीत त्याने जपून ठेवली होती. त्यात माउली उंबऱ्यात ज्वारी पाखडते आहे आणि सुपात तोंड घालणाऱ्या शेळीला रागे भरते आहे. मिलिंद आईचा भाग कापी, नुसती शेळी ठेवी आणि संगणक बंद करून घरी जाई. दुसऱ्या सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून तो तेच काम पुन्हा उघडी. आई परत आणता आली तर ते सॉफ्टवेअर राही. न आली तर जाई.

तो माझा शाळेतला विद्यार्थी. निवृत्तीनंतर मी लग्ने लावू लागलो आणि मुलांसाठी स्तोत्रांचे पाठ ध्वनिचित्रित करण्याची इच्छा धरली, तेव्हा त्याच्या शेजारी बसण्याचा योग पुष्कळदा आला. आज त्या गाळ्यात मोबाइलची दुरुस्ती चालते आणि मिलिंद पुण्याला लेकीकडे असतो. पण त्याने केलेली सॉफ्टवेअरची निवड माझ्या मनात एखाद्या व्रतासारखी राहिली आहे.

कोणा मित्राने एकदा महागड्या सॉफ्टवेअरची चोरून फोडलेली प्रत त्याला आणून दिली. मिलिंदने ती हात जोडून परत केली. मला म्हणाला, "गुरुजी, न दिलेलं घ्यायचं न्हाई, असं रोज वंदनेत म्हंतो मी. मंग त्याच हातानं हे कसं घेऊ? फुकटचं चालंल, पर कुनीतरी दिलेलं पाह्यजे." आमच्याकडे ज्याला अस्तेय म्हणतात, ते इतक्या सोप्या शब्दांत मी कधी वर्गात सांगितले नव्हते.

मग अशा राजीखुशीने दिलेल्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू झाला. पहिल्या सॉफ्टवेअरने फुकटाच्या बदल्यात चित्रावर आपल्या कंपनीचे नाव उमटवले, आणि ते नेमके आईच्या तोंडावर. "माय माझी, अन् नाव कंपनीचं? बिलकुल चालत न्हाई!" दुसऱ्याने मुदत संपताच सारे काम अडकवून पैसे मागितले. "फुकट म्हंता अन् मागून कुलूप लावता," असे त्यालाच सुनावून मिलिंदने तेही काढले. तिसरे शिकायला जड होते, रूपाने ओबडधोबड होते. पण ते शिक्का मारीत नव्हते, कुलूप लावीत नव्हते. कापलेली आई दुसऱ्या सकाळी जशीच्या तशी शेळीवर ओरडत परतली.

मी म्हणालो, "पोथ्यांचे संपादकही असेच करतात. पाठ निवडतात, पण नाकारलेला पाठ पानाच्या तळटीपेत जपून ठेवतात."

"मंग आपला धंदा एकच की, गुरुजी!" तो हसला.

त्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा व्हायची होती केदारखेड्याच्या बापूरावांच्या लेकीच्या लग्नाने. मंगलाष्टके मीच म्हटली. नवरीच्या मागे तिचा मामा, पिंपळगाव रेणुकाईचा भगवान, रीतीप्रमाणे तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभा होता. घाईत सगळ्या सोयऱ्यांना फेटे बांधले गेले आणि मामाचाच फेटा राहिला. अक्षता पडल्या तसा भगवान न जेवता निघून गेला. व्याह्यांसमोर आपली शोभा झाली, हे बापूरावांच्या मनाला फार लागले.

आठवड्याने ते दुकानात आले, तेव्हा मी तिथेच होतो.

"मिलिंदा, त्या भगवानला काढून टाक पिक्चरमधून."

"बापूराव, मामा नवरीच्या मागंच हाय. मामा काढला तर नवरीबी जाती."

"ते मला सांगू नको. मंग कॉम्प्युटर कशाला घेतला? भजे तळायला?"

मिलिंदने थोडा विचार केला आणि मंगलाष्टकांचे चित्र मोठे केले. नवरीचा चेहरा पडदाभर झाला, भगवान चौकटीबाहेर गेला. नवरीच्या खांद्यांवर दोन हात तेवढे उरले.

"अन् हे हात?" बापूरावांनी विचारले.

"हात काय, कुनाचेबी असतील."

बापूराव समाधानाने गेले. मला मात्र ते रुचले नव्हते. मी म्हणालो, "अरे, भाचीच्या लग्नातून मामा कापलास?"

"कापला कुठं, गुरुजी? झाकलाय." त्याने कळफलकावरचा हात उचलला. "मान्साला राग हाय तवर झाकून द्यायचं. कापायचं न्हाई. राग गेल्यावर कुठून आनायचं मंग?"

पण तो राग गेला नाही. बापूरावांच्या पत्नी सुमनबाई, भगवानची सख्खी बहीण, माहेरी जाईनाशा झाल्या. आणि एके दिवशी भगवान शेतातच कोसळला आणि गेला.

तेराव्यानंतर सुमनबाई दुकानात आल्या, तेव्हाही मी तिथे होतो. बापूराव पायऱ्यांखाली, स्कूटरपाशीच थांबले. बाई म्हणाल्या, "भिंतीवर त्याचा फोटू लावलाय, पर त्याच्यात तो कुनी दुसराच दिसतो. मला माझा भाऊ हालताना बघायचाय, मिलिंददादा. हाय का न्हाई? खरं सांगा."

"असायला पाह्यजे, अक्का."

त्याने ते लग्न उघडले. पडदा काळाच राहिला. सुमनबाईंनी पदर तोंडाशी नेला. "थांबा, त्याचं मूळ दुसऱ्या डिस्कवर हाय," म्हणत त्याने कपाटातून जुनी डिस्क काढून जोडली. नवरीचा चेहरा आला. खांद्यांवरचे हात आले. मग मिलिंदने मोठे केलेले चित्र हळूहळू लहान करीत नेले. मनगटे दिसली, कोपरे दिसली, सदऱ्याची बाही दिसली आणि साध्या पांढऱ्या टोपीखाली भगवान दिसला.

तो रडत होता. दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते. मान वळवून तो आपल्याच दंडाला गाल घासत होता. चार पावलांवर मी मंगलाष्टके म्हणत होतो, पण अक्षतांच्या त्या गर्दीत माझे तिकडे लक्षच गेले नव्हते.

"लहानपनीबी असाच पुसायचा," सुमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या त्या गालाला बोट लावले.

मंगलाष्टकांचा सूर ऐकून बापूराव वर आले होते. ते पत्नीच्या मागे उभे राहिले.

"फेटा राह्यला रे त्याचा," ते म्हणाले.

मिलिंदने चित्र पुन्हा पहिल्या मंगलाष्टकापाशी नेले, आपली खुर्ची उचलून बापूरावांसाठी मागे ठेवली आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला.