लांब बाहीचा शर्ट
ज्यांनी माझं बोलणं छापलं ते सर सिनेमाचे नावाजलेले समीक्षक, आणि मी पुण्यात त्यांचा स्वयंपाक करणारी, वडवणीकडची, सहावीतून शाळा सोडून ऊसतोडीला गेलेली बाई. रसवंतीपाशी उसाचा वास आला की तो दिवस आठवतो. सर लॅपटॉपवर ऊसतोडीवरचा नवा सिनेमा बघत, कागदावर त्याचं परीक्षण लिहीत बसले होते. उसाची मोळी डोक्यावर घेतलेली नटी रडत होती, सरांचेही डोळे भरले होते. मी चहा घेऊन उभी, मला काहीच वाटेना. "तुम्हाला रडू येत नाही?" सरांनी विचारलं. उलट बोलले म्हणून आधीच्या घरचं काम गेलं होतं, मी कप टेबलावर ठेवून वळले. "बोला बाई, हे उद्या छापायला जाणार आहे." मग तोंडातून निघालंच, "सर, तिचे दंड उघडे हायेत. फडात आमी साडीवर नवऱ्याचा लांब बाहीचा शर्ट घालतो, न्हाईतर उसाच्या पाल्यानं हात चिरत्यात. हिला एक ओरखडा न्हाई, मग रडती कावून?" सर हसले नाहीत. कागदावरचा 'अस्सल' हा शब्द त्यांनी खोडला आणि 'ऊस तोडलेल्या बाईंनी सांगितलं' असं म्हणून माझं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. "उसाचा फड मी कधी पाहिलाच नाही हो," म्हणाले. तेव्हाही मला काही वाटलं नाही, हातचं काम गेलं नाही एवढंच कळलं. आता सर थकलेत, माझ्या हाताला धरून चालतात. त्यांचे सगळे शर्ट अर्ध्या बाहीचे. पण एकदा मी त्यांना भावाच्या टोळीवर ऊसतोड बघायला नेणार, आणि फडात शिरण्याआधी माझ्या पेटीत जपलेला नवऱ्याचा तो लांब बाहीचा शर्ट त्यांच्या अंगात घालणार.