जिनातला दुसरा काटा

"झटक."

मुनीम खुर्चीत बसल्या बसल्याच बोलला. मी डोक्यावरचं भाकरीचं फडकं खाली ठेवलं. परकर दोन्ही हातांनी धरला. झटकला.

"तसा नाही. वरतं कर."

गुडघ्यापर्यंत वर केला. झटकला. काही पडलं नाही. फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग होती. गाडीवाले उकिडवे बसून पाहत होते. कोणीतरी हसलं.

दहा पावलांवर बाबा काट्यावर कापूस जोखत होते. त्यांनी पाहिलं. मान खाली घातली.

दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बाबा काटेवाले होते. मी चौदा वर्षांची. रोज दुपारी त्यांची भाकर घेऊन जायची, आणि रोज फाटकात हे व्हायचं.

त्याला कारण होतं. कारण मीच होते.

माय तापानं अंथरुणाला खिळली होती. डोक्याखाली गोणपाटाची गुंडाळी. एके दिवशी जिनातून येताना मी परकराच्या ओच्यात थोडा कापूस लपवून आणला. उशीसाठी. बाबांनी घरी आल्या आल्या पाहिला.

"कोणाले इचारून आणला?"

"कोणालेच नाही."

"चाल."

माय पडल्या पडल्या म्हणाली, "राहू द्या ना हो. मूठभर त आहे."

"देवाजवळ दोन मापं नाहीत," बाबा म्हणाले. "मुठीचं येगळं आन् गाडीचं येगळं, असं नाही."

माझा हात धरून ते परत जिनात गेले. मुनीमासमोर कापूस ठेवला. "मुनीमजी, माह्या पोरीनं हा नेला होता. चूक तिची, शिकवण माही. माफी द्या." मीही माफी मागितली.

मुनीम हसला. "धरम बदलला, हात नाही बदलले तुमचे."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. झटक.

आज्याच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती. आदल्या वर्षी सगळ्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली. आमचं एक घर तेवढं राहिलं. कोणी वाईट बोललं नाही. पण सभेला, पंगतीला हाक येईनाशी झाली. गावातल्या शिकलेल्या ख्रिस्ती घरांना आम्ही वस्तीतले. वस्तीला आम्ही येशूचे. माझ्या मनातलं सांगायला जागाच नव्हती.

जिनात काटे दोन होते. एक बाबांचा. दुसऱ्यावर मुनीमाचा माणूस. बाबा जेवेपर्यंत मी त्या दुसऱ्या काट्याजवळ सावलीला बसायची. तिथून पारडं खालून दिसायचं. वजनाच्या पारड्याखाली लाखेनं चिकटवलेली लोखंडाची पट्टी होती. म्हणजे प्रत्येक गाडीचा कापूस कमी भरायचा.

बाबांना सांगितलं. ते भाकर मोडत म्हणाले,

"माहा काटा खरा आहे, बाई. दुसऱ्याचं पाहायले देव आहे."

पहिल्यांदा मला बाबांचा राग आला. माझ्या मुठीसाठी मला ओढत नेलं. या पारड्यासाठी तोंड उघडेना.

आठ-दहा दिवस गेले असतील. त्या दिवशी रांग फार लांब होती.

"झटक."

मी उभीच राहिले.

"ऐकू नाही येत काय?"

"नाही झटकत. माही चोरी मी वापस केली. आधी तो काटा झटका. त्याच्या पारड्याखाली लोखंड आहे."

रांगेतला एक म्हातारा शेतकरी उठला. दुसऱ्या काट्याजवळ गेला. पारड्याखाली हात घातला, ओढलं. पट्टी खाली पडली.

मुनीम खुर्चीतून उठला. बाबांकडे वळला. "सांग रे या गाडीवाल्यायले, पोरगी खोटं बोलून राह्यली म्हून. सांग!"

बाबा काटा सोडून माझ्याजवळ आले. मला वाटलं, मारतील. त्यांनी गाडीवाल्यांना हात जोडले.

"पोरगी खरं बोलून राह्यली. तिनं मले कवाच सांगतलं होतं. मी बोललो नाही. माहा काटा खरा ठेवला आन् वाटलं, झालं आपलं काम. मले माफ करा."

माझा राग तिथंच गेला.

त्या दिवशी सगळ्या गाड्या बाबांच्या काट्यावर जोखल्या गेल्या. संध्याकाळी मुनीमानं त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. म्हातारा शेतकरी जाता जाता माझ्याजवळ थांबला. डोक्यावर ठेवायला हात उचलला. शेजारच्याला विचारलं, "कोणाची व्हय हे?" त्यानं आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याचा हात तसाच मागे गेला. मला न शिवता तो निघून गेला.

पुढच्या बाजाराला त्याच गाड्या त्याच जिनात गेल्या.

दुसऱ्या कोणत्या जिनानं बाबांना घेतलं नाही. ते सडकेवर गिट्टी फोडायला जाऊ लागले. तेही रोज मिळायचं नाही. रविवारी घरातच प्रार्थना. बाबांचा आवाज आणि माझा. माय नुसते ओठ हलवायची. दारावरून लोक जायचे, आत कोणी यायचं नाही.

मग मुनीमाचा माणूस निरोप घेऊन आला. "पोरीले घेऊन ये म्हणते. गाड्यांसमोर माफी मांगू दे, खोटं बोलली म्हून. काम वापस भेटन."

बाबा मायकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे.

"तूच सांग, बाई. काय करू?"

घरात पीठ नव्हतं. मायचं औषध संपलं होतं. हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असूनच मी बोलले.

"चोरीची माफी मी मांगतली. खऱ्याची नाही मांगणार."

बाबा त्या माणसाला म्हणाले, "येत नाही म्हना."

तो गेला. त्या दिवशी चूल पेटली नाही. कोणी विचारायला आलं नाही. मायच्या पायाशी बसून मी माझ्यापुरतं ठरवलं. स्वतःचे हात स्वच्छ ठेवायचे. पण हात स्वच्छ आहेत म्हणून गप्प बसायचं नाही. दिसलं की बोलायचं. भरल्या रांगेसमोर बोलायचं. सोबतीला कोणी येईल याची वाट पाहायची नाही.