वासुभाऊंचं बोट

चहात साखर कमी पडली तर वासुभाऊ बोलत नसत. उजव्या हाताची बोटं खांद्यावर दोनदा आपटायचे. क्रिकेटमध्ये धाव अपुरी राहिल्याची ती खूण. वहिनी निमूट साखरेचा डबा आणायच्या. अंजनगावच्या जीपमध्ये ड्रायव्हरने जास्तीचं माणूस कोंबलं, की हात आडवा करून नो-बॉल. ड्रायव्हरही बापडा एकाला उतरवायचा, कारण हात आडवा करणारा माणूस टीव्हीवर दिसणारा होता.

तरुणपणी दर्यापूरच्या संघात ते डावऱ्या हाताने फिरकी टाकत आणि मी यष्टीमागे असे. मी घसा फाटेस्तोवर अपील करायचो आणि हा गृहस्थ स्वतःच्याच चेंडूवर पंचाला सांगायचा, "नाही जी, बाहेर चालला होता." वैतागून आम्हीच शेवटी त्यांच्या अंगावर पंचाचा पांढरा कोट चढवला. तो कोट अमरावती, अकोला करत पार परदेशातल्या मैदानांवर पोचला. त्यांचा सामना असला की आमची गल्ली खेळाडूंकडे बघायचीच नाही. नुसती त्यांची टोपी दिसली तरी टाळ्या पडायच्या.

एक खूण मात्र त्यांच्या जिवावर यायची. दोन्ही हात छातीवरून उलट्या खांद्यांवर ठेवायचे, म्हणजे दिलेला निर्णय पंचाने मागे घेतला. टीव्हीपुढे बसलेल्या पंचाने करायला लावली तर नाइलाजाने करत. स्वतःहून कधीच नाही. "आपण देल्लं ते देल्लं," म्हणायचे.

मग शुभांगीचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, साक्षगंध ठरलं. आधीची बरीच स्थळं हातची गेली होती, त्यामुळे वहिनी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. साक्षगंधाच्या दिवशी स्वयंपाक व्हायला वेळ होता. मांडवामागे सोयाबीन निघालेलं वावर मोकळं पडलेलं. पाहुण्यांनीच टूम काढली, मुलाकडचे विरुद्ध मुलीकडचे सामना होऊन जाऊ द्या. पंच अर्थातच वासुभाऊ.

मुलाचे वडील अंबादासजी फेट्यासकट फलंदाजीला आले. पहिलाच चेंडू त्यांच्या नडगीवर, बरोबर यष्ट्यांसमोर. जुन्या सवयीने मी यष्टीमागून ओरडलो आणि लगेच जीभ चावली. मांडवातून वहिनी जोरजोरात मान हलवून नको नको करत होत्या. वासुभाऊंनी तिकडे पाहिलं. पण बोट सावकाश वर गेलं.

अंबादासजींनी बॅट फेकली. "घरी बोलावून आउट करता काय जी? चला रे, गाडी काढा." आणि खरंच जाऊन जीपमध्ये बसले.

मी वासुभाऊंना म्हटलं, अरे, निदान बोट तरी खाली घे, लेकीचं लग्न मोडतंय. "पण होते ना आउट," एवढंच म्हणाले. बोट तसंच वर.

नवरा मुलगा नीलेश दुसऱ्या टोकाला, वासुभाऊंच्या शेजारीच बॅट घेऊन उभा होता. तो शांतपणे जीपपाशी गेला. "बाबा, म्याबी पाह्यलं. आउट होते तुमी."

अंबादासजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, जेवायला काय केलंय? आलू-वांग्याची भाजी आणि जिलेबी म्हटल्यावर उतरले. वासुभाऊंनी तेव्हा कुठे बोट खाली घेतलं आणि माझ्या कानात म्हणाले, "पोरगी याच घरात जाईन."

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळी गल्ली रडली, वासुभाऊ नाही. फाटकाशी सामन्यात उभे राहतात तसे ताठ उभे होते. गाडी हलली, आणि त्यांचे दोन्ही हात हळूहळू वर आले, छातीवरून उलट्या खांद्यांवर जाऊन बसले. लोकांना वाटलं, थंडी वाजतेय. खुणा ओळखणाऱ्या वहिनी मात्र ओक्साबोक्शी रडू लागल्या.

पुलापाशी गाडी थांबली. काच खाली गेली. व्याही अंबादासजींनी मागे वळून बघितलं आणि खिडकीतून एक बोट सावकाश वर केलं.

वासुभाऊंनी हात खाली घेतले. "बराबर देल्लं इवाईनं," म्हणाले, आणि फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसत तिथेच उभे राहिले.