अकरा वाजताच्या बाटल्या

आमच्या बियाणे कंपनीत निवडणीच्या शेडला सुपरवायझर म्हणून आलेली ती पहिलीच बाई. जुन्या जालन्यातून रिक्षाने येते. अकरा वाजले की सरकत्या पट्ट्यावर बियाणं निवडणाऱ्या बायांच्या पाण्याच्या बाटल्या एकेक उचलून हलवून बघते. भरलेली निघाली की हळूच विचारते, "का पिऊन न्हाई राह्यली?"

उत्तर तिलाही माहीत आहे. बायांचं संडास पार गोदामाच्या मागे आणि पट्टा जेवणाच्या सुट्टीशिवाय थांबत नाही. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत.

सोमवारी तिने स्वतः बटण दाबून पट्टा दहा मिनिटं बंद केला. मंगळवारीही केला. मॅनेजर धावत आले, तर म्हणाली, "साहेब, दहा मिनिटांत बराबर चालू करते." आणि केलाही.

बुधवारी मॅनेजरनी मला तिच्या नावाची नोटीस टाइप करायला सांगितली. ऑफिसात मी एकटीच बाई, मलाही त्याच गोदामामागे जावं लागतं. तरी नाही म्हणायला जीभ रेटली नाही. चार वाजता तिला बोलावणं गेलं. तिची चप्पल वाजली तशी मी कागद पालथा घातला आणि वर माझी बाटली ठेवली.

ती टेबलापाशी थांबली. सवयीने बाटली उचलली. सकाळी भरली होती तशीच होती. मग तिने कागद सरळ केला, शेवटपर्यंत वाचला आणि बाटली माझ्यापुढे सरकवली.

"आधी पाणी प्या, मॅडम," ती म्हणाली आणि मॅनेजरच्या केबिनचं दार लोटून आत गेली.