जेवणघराच्या पोत्याला पांढरी दोरी

युराजोकीच्या अणुवीजघरात तायमी कोस्केलाचं काम सव्वीस वर्षं एकच. केराचं पोतं मापयंत्रावर ठेवायचं, आकडा बघायचा, दोरी बांधायची. पांढरी दोरी म्हणजे साधा केर, गावच्या उकिरड्यावर. पिवळी म्हणजे सौम्य किरणोत्सारी, खडकातल्या भुयारात. लाल त्याहून जहाल, भुयारातच, पण काँक्रीटच्या हौदात. सव्वीस वर्षांत एक दोरी चुकली नव्हती. निवृत्तीला तीन आठवडे उरलेले. कोरी पाटी घेऊन घरी जायचं, एवढंच तिचं मागणं.

आणि नेमकं तेव्हाच जेवणघराच्या पोत्याला तिनं न मापताच पांढरी दोरी बांधली. जेवणघरात कसला आलाय किरणोत्सार! फाटकावरचं यंत्र मात्र असं कोकललं म्हणता!

तिचा साहेब राउनो धावत आला. "अगं तायमी, तुझ्या हातून?"

"माझ्याच."

हातमोजे चढवून दोघांनी पोतं उपसलं. कॉफीचा चोथा, केळीची सालं, आणि तळाशी एक कागदी पुडी. यंत्र तिच्यावरच ओरडत होतं. वर तायमीचंच अक्षर : 'राउनोला, वाळवलेली अळंबी.'

"ही तुला दिली होती ना रे?"

राउनोचे कान लाल. "मला अळंबी आवडत नाही गं. दरवर्षी इतक्या प्रेमानं देतेस, सांगू कसं?"

"दरवर्षी टाकतोस?"

"घरी टाकतो. यंदा घाई झाली."

शहाऐंशी साली परदेशी अणुवीजघरातून उडालेलं किरणोत्सारी विष त्यांच्या रानात अजून मुरलेलं. अळंबी ते शोषते, वाळली की आणखी दाट. हे तायमीलाही ठाऊक होतं, पण रानातलं ते रानातलं, कामावरचं ते कामावरचं!

"पिवळी दोरी बांध," राउनो म्हणाला.

"कशी? भुयार आपल्या केरासाठी. ही तर रानातली."

"मग पांढरी."

"यंत्र ओरडतंय की!"

राउनोनं नियमांची वही चाळली. "भिजवून, पाणी टाकून, बेतानं खायला हरकत नाही म्हणे."

"म्हणजे उकिरड्याला चालत नाही, ताटात चालते?"

मग राउनोनं नोंदवहीत लिहिलं, 'पुडी टाकली : राउनो.' तायमीनं पेन ओढून खाली लिहिलं, 'न मापता दोरी बांधली : तायमी.' गेली कोरी पाटी! 'केराचा वर्ग' या रकान्यात मात्र दोघांचंही पेन टेकेना.

शेवटी राउनोनं पुडी खिशात घातली. "आज खाऊनच बघतो."

"पाणी दोनदा बदल," तायमी म्हणाली. "आणि ते पाणी कुठं ओतायचं, हे मला विचारू नकोस."