पाटी झाकणारा गॉगलवाला पुढारी

तुम्ही हसणार हे ठाऊक हाय, तवा आधी चहा संपवा. मला शाळा न्हाय. मी सांगतोय आन् नात लिहून घेतीया, आन् ती आत्तापासनंच तोंडावर ओढणी धरून बसलीया.

माझा पंच्याहत्तरावा वाढदिस. तालमीची पोरं म्हनली, "गणूआप्पा, शाहूपुरीच्या कोपऱ्यावर तुमचा डिजिटल बोर्ड लावलाय. बघून या की."

आता मला धीर निघतोय व्हय? काढली मोपेड. कोपऱ्यावर गेलो, तर खांबावरच्या बोर्डावर कोण तरी पुढारी. फेटा, काळा गॉगल, तोंड असं गोरंपान. माझा फोटो कुठं हाय? पुढं असंल म्हनून गल्लीत शिरलो. तिकडं बी न्हाय.

संध्याकाळी नातीच्या फोनवर चलन. "आजोबा, नो एन्ट्रीत घुसलाय तुम्ही."

चाळीस वर्सं गाडी चालवतोय. एक पावती न्हाय! वाचाय येत न्हाय, पर तांबडी गोल पाटी मी झोपेत बी वळखीन. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर काय, पाटी त्या पुढाऱ्याच्या फेट्यामागं! मंजी ह्या बाबानं माझा बोर्ड काढला, वर सरकारी पाटी बी झाकली. फोटोवाल्याला नेऊन फोटो काढला आन् घरच्या मालकिणीला घेऊन थेट लोकअदालतीत.

न्यायाधीश बाई लई शांत. फोटो बघितला, हवालदाराला दाखवला. म्हनल्या, "पाटी दिसत नाही, हे खरं आहे. दंड रद्द. या आजोबा."

तितंच हात जोडून निघायचं का न्हाय? पर माझ्या अंगात वारं शिरलेलं.

"असं कसं, बाईसाहेब? ज्यानं पाटी झाकली त्येला सोडायचं व्हय? माझा वाढदिसाचा बोर्ड बी त्येनंच गिळलाय. नाव लिवलं असंल बघा खाली. धरा त्येला!"

बाईंनी फोटो डोळ्याजवळ धरला. "तुमचं नाव काय म्हणालात?"

"गणपती दादू चौगुले. समदी गणूआप्पा म्हणत्यात."

त्या वाचाय लागल्या, "आमचे लाडके गणूआप्पा यांना पंच्याहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा."

मला तरी बी उमगंना. "बघा, नाव माझं आन् तोंड त्येचं! केवढी लबाडी!"

मागनं मालकीण म्हनली, "अवो, गप बसा. त्यो तुम्हीच हाय. पुतण्याच्या लग्नातला फेटा हाय त्यो. गॉगल पोरांनी चिकटवलाय."

"आन् गोरा कशानं झालो?"

"ते मला काय इचारताय? पन्नास वर्सं मी काळाच बघतीया."

हवालदार भिंतीकडं तोंड करून हलत हुता. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग आजोबा, या पुढाऱ्यावर कारवाई करायची ना?"

मी टोपी काढून हातात घेतली. म्हनलं, "ऱ्हाऊ द्या, बाईसाहेब. म्हातारा मानूस हाय. त्येला वाचाय येत न्हाय."