कंट्रोलर साहेबांचं बिस्कीट

"हे सादळलंय," मालक म्हणाले. त्यांनी बिस्कीट दोन बोटांत धरून दाबलं. ते दबलं आणि बोटांचे ठसे त्यावर तसेच राहिले. "कालच भाजलंय ना? मग सादळलं कसं?"

"सादळलं नाही. मऊच करायचं होतं."

"बिस्कीट?"

"हो."

मालकांनी एकदा बिस्किटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ते काउंटरला गेले. माझं डोकं अधूनमधून हवेत असतं, हे त्यांनी केव्हाच मान्य केलेलं आहे.

तुळजापुरात स्टँडच्या रस्त्यावर आमची बेकरी आहे. आमची म्हणजे मालकांची. मी केक आणि बिस्किटांचं बघते. पुण्याच्या एका हॉटेलात बेकरी सेक्शनला काही वर्षं काढली आणि मग गावी परत आले. पाव, टोस्ट, खारी हे खातं रशीदचाचांचं. ते आणि त्यांची लाकडाची भट्टी मी शाळेत जायच्या आधीपासून इथं आहेत. मला एक छोटा इलेक्ट्रिक ओव्हन मिळालाय. त्याला काचेचं दार आहे आणि आत पिवळा दिवा. दुपारी गर्दी ओसरली की मी त्या काचेसमोर बसते. आत पिठाचे गोळे हळूहळू सैल होतात, पसरतात, फुगतात. बघता बघता मीही सैल होते. चाचा म्हणतात, "बेटा, तुम जागते बी सोते." खरंच आहे ते. मला त्या दिव्यात काय काय दिसत असतं.

प्रज्ञा आली ती अशाच एका दुपारी. अणदूरची मुलगी, सोलापूरला नर्स आहे. काउंटरवर हात ठेवून तिनं विचारलं, "ताई, दात न लावता खाता येईल असं बिस्कीट करता का तुम्ही?"

"बाळासाठी?"

"न्हाय. पप्पांसाठी."

पप्पा म्हणजे गायकवाड साहेब. आमच्या स्टँडवरचे जुने कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कधी सुटणार, हे माइकवरून सांगायचं काम त्यांचं. आमचं घर स्टँडच्या मागंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हाला दुपारी दामटून झोपवायची. झोप येते न येते तोवर भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. सोलापूर, अक्कलकोट. लातूर, औसा. बार्शी, कुर्डुवाडी. जाड, गोड, न घाईचा आवाज. मला वाटायचं, हा माणूस नाव घेतो तेव्हाच ती गावं तयार होतात, आणि गाडी निघून गेली की पुन्हा नाहीशी होतात.

त्या साहेबांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. मागोमाग रेडिएशनचे शेकही झाले. आजार गेला, पण तोंड आता दोन बोटांइतकंच उघडतं, लाळ जवळपास सुटत नाही, आणि खालच्या ओठाला काही कळत नाही. खाताना कण सांडले तरी त्यांना पत्ता नसतो. एका लग्नात जेवताना शेजारच्या माणसानं रुमाल काढून त्यांची हनुवटी पुसली. प्रेमानंच पुसली. त्या दिवसापासून साहेब आपल्या खोलीचं दार लावून जेवतात.

"माझा साखरपुडा ठरलाय," प्रज्ञा म्हणाली. "आमच्यात अंगठी झाली की व्याही-व्याही एकमेकांचं तोंड गोड करतात. सगळ्यांसमोर. पप्पा म्हणत्यात, काकाला बसवा, मी घरी थांबतो. ताई, मला काका नको, पप्पा पाहिजेत."

"पेढा चालणार नाही?"

"टाळूला चिकटतो. मग बोटानं काढाय लागतो."

"चहात बुडवून बिस्कीट?"

"मांडवात चहात बुडवून?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो. मग तिचे डोळे भरून आले. मी ऑर्डर घेतली.

आता जरा धंद्याचं सांगते. आपल्याकडचं बिस्कीट, म्हणजे नानकटाई धरा, तुपावर किंवा डालड्यावर होतं. तुपात पाणी नसतं. त्यामुळे बिस्कीट खुसखुशीत होतं आणि तोंडात घातलं की भुगा होतो. हाच भुगा साहेबांना नको होता. मऊ राहायचं तर बिस्किटात ओलावा लागतो. तो पुन्हा बेताचा लागतो. कमी पडला तर भुगा, जास्त झाला तर लगदा.

पहिला ट्रायल मी खवा घालून केला. भूमकडचा खवा आम्हाला सहज मिळतो, आणि खव्यानं काहीही मऊ होतं. वास असा सुटला की दोन गिऱ्हाइकं आत डोकावून गेली. पण ते पेढ्याचंच भावंड निघालं. टाळूला जाऊन बसलं.

दुसऱ्या वेळी खवा काढला आणि दूध वाढवलं. त्याचा झाला केक. चांगला झाला, पण उचलला की वाकायचा.

तिसऱ्या वेळी पांढरं लोणी घेतलं. लोण्यात थोडं पाणी असतंच. त्यात पिठीसाखर फेसली, रंग दुधासारखा होईपर्यंत. मग दह्याचा चक्का, मैदा, मैदा चिवट होऊ नये म्हणून थोडं कॉर्नफ्लोअर, वेलदोडा. अंडं नाही, कारण दुकानावर शुद्ध शाकाहारी अशी पाटी आहे. बिस्कीट पातळ लाटलं, दोन बोटांत मावेल असं. सगळ्यात मोठी गोष्ट भाजण्याची. मऊ बिस्कीट पूर्ण भाजायचं नसतं. कडा जेमतेम धरली, मधला भाग अजून पांढरा आणि कच्चा दिसतोय, तेव्हाच बाहेर काढायचं. पुढचं काम तापलेला ट्रे करतो. तिथंच, हलवायचं नाही, निवू द्यायचं.

चव मी सकाळी उठल्याबरोबर बघायचे. पाणी न पिता, तोंड कोरडं असताना, दात न लावता. डोळे मिटून बिस्कीट जिभेनं टाळूवर दाबायचं. तिसऱ्या ट्रायलचं बिस्कीट दाबलं तर ते विरघळायला लागलं. चिकटलं नाही, सांडलं नाही. सकाळच्या झोपेतून माणूस बाहेर येतो तसं सावकाश गेलं. मी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. हेच बिस्कीट मी मालकांच्या हातात दिलं होतं, आणि ते म्हणाले सादळलंय.

दोन दिवसांनी प्रज्ञा साहेबांना घेऊन आली. काउंटरवर माणसं होती, म्हणून ते मागच्या गोडाऊनमध्ये आले. उंच माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. मी खुर्ची दिली. त्यांनी ती उचलून फिरवली आणि मैद्याच्या पोत्यांकडे तोंड करून बसले. आमच्याकडे पाठ. प्रज्ञानं मागूनच बशी पुढे केली.

आम्ही दोघी त्यांच्या पाठीकडे बघत उभ्या. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि त्यात पिठाची धूळ तरंगत होती. त्यांच्या कानामागची शीर हलत होती, तेवढंच कळत होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पाठमोरंच हनुवटीवरून हात फिरवला. हात बघितला. कोरडा होता.

"आनखी एक द्या," ते म्हणाले. आवाज बदलला होता. शब्द एकमेकांत अडकत होते. पण मी तो ओळखला.

"पप्पा, मग बसणार ना तुम्ही?" प्रज्ञानं विचारलं.

"त्या दिवशी बघू." एवढंच बोलून ते उठले.

प्रज्ञाची अट एकच होती. सगळ्या पाहुण्यांना हेच बिस्कीट मिळालं पाहिजे. एकट्या पप्पांना वेगळं दिलं की ते पेशंटचं खाणं होणार. म्हणजे माल बराच लागणार होता. मी आदल्या संध्याकाळी माझ्या ओव्हनमध्ये घाण्यामागून घाणे काढले, सगळे ट्रे रॅकला लावले, वर पातळ कापड टाकलं आणि घरी गेले. झोप छान लागली.

सकाळी रॅक रिकामा होता.

"चाचा, माझे ट्रे?"

रशीदचाचा पाव काढत होते. त्यांनी खुशीत मान हलवली. "इधर हैं बेटा. कच्चेच काढले होते तुम्ही. ओव्हन दगा दिया क्या? मी टोस्टाबरोबर डाल दिया. संभाल लिया मैंने."

टोस्ट दोनदा भाजतात हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. आधी पाव करायचा, तो कापायचा, मग निवत्या भट्टीत पुन्हा सुकवायचा. चाचांच्या भट्टीत मऊ राहिलेली कुठलीही वस्तू पुन्हा आत जाते. त्यांची सगळी हयात त्यात गेली. पांढरी, दबणारी बिस्किटं बघून त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

चाचांनी पुन्हा टाकलेलं कापड मी बाजूला केलं. बिस्किटं सोनेरी झाली होती. एकसारखी, फोटो काढावा अशी. मी एक मोडलं. काडकन आवाज आला.

"वा!" मालक म्हणाले. "आता झालं बिस्कीट."

मी तिथंच पोत्यावर बसले आणि रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. चाचांना आधी काही कळेना. मग मी सांगितलं, कुणासाठी होतं, का मऊ होतं. स्टँडवरचे गायकवाड साहेब म्हटल्यावर चाचा खालीच बसले. "माइकवाले?" त्यांनी विचारलं. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "या अल्ला. काय केलं म्या."

"दुपारी कार्यक्रम आहे," मी म्हणाले. "माझ्या ओव्हनमध्ये पुन्हा एवढं होणार नाही."

"मग भट्टीत लावू."

"भट्टी लई कडक आहे चाचा. करपेल."

"भट्टी माझ्यावर सोडा. तुम्ही पीठ मळा."

मालकांचं एक बरं आहे. ते आधी कुरकुर करतात आणि मग स्कूटर काढतात. डेअरीतून लोणी आणि चक्का तेच घेऊन आले. मी पीठ मळलं, लाटलं, ट्रे भरले. तोवर चाचांनी लांब काठीला ओलं गोणपाट बांधून भट्टीची फरशी पुसायला घेतली होती. फरशीचा ताव असाच उतरवतात. पुसलं की वाफेचा लोट बाहेर यायचा, चाचा त्यात दिसेनासे व्हायचे, पुन्हा दिसायचे. मग त्यांनी आत चिमूटभर मैदा टाकला, त्याचा रंग बघितला, आणि हातानं खूण केली. ट्रे आत गेले.

मी भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले. आत लालसर अंधार. कडा धरायला लागल्या.

"काढा चाचा."

"कच्चे हैं बेटा."

"काढा."

"अंदरसे सफेद—"

"चाचा, काढा ना!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या भट्टीतून पांढरा माल त्यांनी कधी काढला नसेल. मग लांब दांड्याची फळी आत घातली आणि एकेक ट्रे ओढला. शेवटचा ट्रे ठेवल्यावर ते रॅकसमोर स्टूल टाकून बसले. कुणी जवळ गेलं की म्हणायचे, "हात नको. निवू द्या."

अणदूरच्या हॉलला मी स्वतः डबे घेऊन गेले. लोक जमले होते, बुद्धवंदना सुरू होत होती. साहेब दारापाशी उभे होते, आत की बाहेर हे न ठरवलेल्या माणसासारखे. तोंडावर रुमाल. मी डबा उघडून एक बिस्कीट त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते अंगठ्यानं हळूच दाबलं. ते दबलं. त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात घातली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. प्रज्ञा स्टेजवरून ते बघत होती.

अंगठ्या झाल्या. नवऱ्या मुलाचे वडील नळदुर्गचे, अंगानं भारी, झुपकेदार मिशांचे. त्यांनी बशीतलं बिस्कीट साहेबांच्या तोंडाला लावलं. साहेब खात होते. वेळ लागत होता, लागूच द्यायचा होता. व्याही मोकळा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून उभेच राहिले. छताचे पंखे फिरत होते, एवढंच आठवतं, आणि सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं.

साहेबांनी घास गिळला. हनुवटीवर काही नव्हतं.

मग त्यांनी बिस्कीट उचललं आणि व्याह्यांना भरवलं. व्याह्यांनी ते आपल्या नेहमीच्या सवयीनं कचकन चावलं. अर्धं तोंडात गेलं, अर्धं मिशीत अडकलं, आणि तिथून सरळ नव्या कोऱ्या सदऱ्यावर सांडलं.

"आरं तिच्या!" व्याही म्हणाले.

पहिल्यांदा हसले ते साहेब. तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडून, सगळ्यांसमोर, हात आड न धरता. मग प्रज्ञा हसली, मग हॉल. साहेबांनी खिशातला रुमाल काढला आणि व्याह्यांची मिशी पुसून दिली.

ते बिस्कीट आम्ही नंतर दुकानात ठेवलं. चाललं नाही. गिऱ्हाईक दाबून बघतं, मालकांकडे संशयानं बघतं आणि नानकटाई मागतं. मालक म्हणतात, हा माल फेल आहे. धंद्याच्या हिशेबानं त्यांचं बरोबर आहे. फक्त बाजाराच्या दिवशी साहेब येतात, काउंटरला टेकून उभे राहतात आणि भर गर्दीत दोन खातात. त्या दिवशीचा एक ट्रे मालक स्वतःच मला आठवणीनं लावायला सांगतात.